दोन सुइणींचे असत्य

बायबलातील धैर्याची कथा सांगा असे कोणी म्हटले, तर बहुतेकांस गोफण घेऊन गल्याथासमोर उभा राहिलेला दावीद आठवतो, किंवा सिंहांच्या गुहेत रात्र काढणारा दानिएल आठवतो. ह्या कथा थोर आहेत ह्यात शंका नाही. परंतु त्याच ग्रंथात एक अगदी लहानशी कथा आहे. तीत शस्त्र नाही, चमत्कार नाही आणि वीरपुरुष तर मुळीच नाही. जुन्या करारातील ‘निर्गम’ नामक पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात अवघ्या सात वचनांत ती आटोपते, आणि वाचक मोशेच्या जन्माकडे जाण्याच्या घाईत ती ओलांडून पुढे जातो. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच करीत होतो. पुढे एका प्रसंगाने आम्हांस तिच्याकडे परत यावे लागले. तो प्रसंग यथावकाश सांगूच. आधी कथा सांगितली पाहिजे.

योसेफाच्या काळी मिसर देशात येऊन राहिलेले इस्राएलाचे वंशज कालांतराने संख्येने फार वाढले. तेव्हा योसेफाची ज्यास ओळख नाही असा एक नवा राजा गादीवर आला. हे लोक असेच वाढत गेले, तर उद्या युद्धप्रसंगी शत्रूस मिळतील, अशी भीती त्यास वाटू लागली. म्हणून त्याने त्यांना वेठीस धरले. माती तुडवणे, विटा पाडणे, पिथोम व रामसेस ही कोठारांची नगरे बांधणे, अशी कामे त्यांच्यामागे लागली. परंतु जाच वाढला तसतशी त्यांची संख्याही वाढली. तेव्हा राजाने शिफ्रा व पुवा ह्या दोन सुइणींस बोलावून आज्ञा केली की, इब्री स्त्रियांचे बाळंतपण करताना मुलगा झाला तर त्यास मारून टाका, मुलगी झाली तर जगू द्या. सुइणींनी तसे केले नाही. राजाने त्यांस पुन्हा बोलावून जाब विचारला. त्यांनी उत्तर दिले की, इब्री बायका मिसरी बायकांसारख्या नाहीत. त्या इतक्या जोमदार असतात की सुईण पोहोचण्यापूर्वीच बाळंत होऊन मोकळ्या होतात. ह्यावर राजाने काय म्हटले ते कथा सांगत नाही. देवाने सुइणींचे कल्याण केले व त्यांची घराणी वसवली, एवढे मात्र ती सांगते.

ह्या कथेचा ऐतिहासिक आधार काय, असा प्रश्न आमच्या पिढीच्या वाचकाच्या मनात प्रथम येतो. मिसरच्या उपलब्ध लेखांत ह्या घटनेचा उल्लेख सापडत नाही. नगराच्या ‘रामसेस’ ह्या नावावरून अनेक अभ्यासक कथेचा संबंध इ. स. पू. 1279 ते 1213 ह्या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या रामसेसशी जोडतात. परंतु तो तर्क होय. कथेचे तपशील मात्र हवेत लटकणारे नाहीत. सध्या ब्रुकलिनच्या संग्रहालयात असलेल्या एका प्राचीन मिसरी पपायरसावर घरकामगारांची यादी आहे, आणि तीत शिफ्रा ह्या नावाशी जुळणारे एका स्त्रीचे नाव आढळते. प्रसूतीच्या स्थळासाठी कथेत जो इब्री शब्द आला आहे, त्याचा अर्थ ‘दोन दगड’ असा होतो. मिसरी स्त्रिया विटांवर बसून प्रसूत होत, हे जुन्या लेखांवरून ठाऊक होतेच. 2001 साली दक्षिण अबिडोस येथील उत्खननात अशी एक चित्रित वीट प्रत्यक्षही सापडली. असो. इतिहासाने ह्या दोन स्त्रिया सिद्ध होत नाहीत. परंतु ज्याने ही कथा लिहिली त्यास बाळंतिणीच्या खोलीची माहिती होती, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

लेखकाने आणखी एक गोष्ट केली आहे. एवढ्या मोठ्या राजाचे नाव त्याने कोठेच दिलेले नाही. तो केवळ ‘फारो’, म्हणजे राजा, म्हणून येतो आणि जातो. सुइणींची नावे मात्र त्याने दिली आहेत.

ह्या सुइणी कोण होत्या, ह्याविषयीही मतभेद आहे. मूळ इब्री शब्दांचा अर्थ ‘इब्री सुइणी’ असा होऊ शकतो, तसाच ‘इब्री स्त्रियांच्या सुइणी’ असाही होऊ शकतो. जुन्या ग्रीक भाषांतराने दुसरा अर्थ घेतला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफस ह्याने तर त्या मिसरी होत्या असे स्पष्टच लिहिले आहे. उलट तालमुदात त्यांची ओळख मोशेची आई व बहीण अशी सांगितलेली आहे. पहिला अर्थ घेतला तर त्यांनी आपल्याच लोकांची लेकरे वाचवली. दुसरा घेतला तर परक्यांच्या लेकरांसाठी त्यांनी आपल्याच राजाची आज्ञा मोडली. दोन्ही कृत्ये थोर आहेत, परंतु एकाच प्रकारची नाहीत. मूळ कथा ह्या वादात पडत नाही. त्या देवास भीत होत्या, एवढेच कारण ती देते. आप्तपणाचे नाव नाही, देशाचे नाव नाही. ज्याची सत्ता राजाच्याही वर आहे अशा कोणाची तरी भीती मनात असल्यामुळे राजाची भीती आपोआप दुय्यम ठरली. निर्भयता म्हणजे भीतीचा अभाव, असे आपण समजतो. ह्या कथेवरून आम्हांस वाटते की, योग्य ठिकाणी असलेली भीती हेच पुष्कळदा निर्भयतेचे मूळ असते.

आता फारोकडे पाहू. मराठी वाचकास येथे कंस आठवल्यावाचून राहणार नाही. दोघांसही जन्मास येणाऱ्या मुलाची धास्ती आहे, आणि दोघेही त्या धास्तीपोटी बालहत्येस प्रवृत्त होतात. परंतु कंस देवकीची मुले स्वतःच्या हाताने आपटतो. फारोचा बेत ह्याहून निराळा आहे. त्यास स्वतःचे हात लावावयाचे नाहीत, आणि प्रारंभी उघड आज्ञाही द्यावयाची नाही. बाळ जन्मतःच दगावले असे दिसावे, आईसही संशय येऊ नये, असा त्याचा डाव आहे. त्यासाठी त्यास असे हात हवेत की ज्यांवर आईचा पूर्ण विश्वास आहे. राजाच्या सैनिकाला ज्या खोलीत प्रवेश नाही त्या खोलीत सुईण जाते. तिची विद्या आणि तिच्यावरचा विश्वास ह्या दोन गोष्टी राजास विकत हव्या होत्या. जुलमी सत्तेचे हे लक्षण आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. ती एकटी काही करू शकत नाही. तिला कारकून लागतो, वैद्य लागतो, शिक्षक लागतो. ज्याच्यापुढे लोक निःशंकपणे मनुष्य म्हणून उघडे होतात असा कोणी तरी लागतो. त्याने नकार दिला, की मोठ्यातला मोठा राजा बाळंतिणीच्या दाराबाहेर उभा राहतो.

येथवर कोणाचे दुमत होणार नाही. अडचण येते ती पुढे. ह्या सुइणी खोटे बोलल्या. त्यांनी मुलांस जगवले होते, आणि आपण पोहोचण्यापूर्वीच ती जन्मली असे राजास सांगितले. ज्या ग्रंथात खोटी साक्ष देऊ नये अशी आज्ञा थोड्याच अध्यायांनंतर येते, त्याच ग्रंथात देव त्यांचे कल्याण करतो. हे कसे?

ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांस ह्या प्रश्नाने शतकानुशतके छळले आहे. संत ऑगस्टीन ह्याने सुमारे 420 साली असत्याविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने असा निवाडा दिला की, देवाने त्यांस फळ दिले ते त्यांच्या दयेबद्दल, असत्याबद्दल नव्हे. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस ह्यानेही बहुतेक तीच वाट धरली. 1560 सालच्या जिनीव्हा येथील इंग्रजी बायबलाच्या समासात टीप होती की, त्यांचे आज्ञाभंग करणे न्याय्य होते, परंतु त्यांचे खोटे बोलणे वाईट होते. ह्या टिपेची पुढची हकीकत मोठी बोधप्रद आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ह्याने 1604 साली हँप्टन कोर्ट येथील परिषदेत ह्याच टिपेवर बोट ठेवून तक्रार केली. त्याची हरकत असत्याला नव्हती. राजाचा आज्ञाभंग न्याय्य असू शकतो, हे वाक्य त्यास सहन झाले नाही. त्याच्या आश्रयाने 1611 साली जे नवे भाषांतर निघाले त्यात अशा टीकात्मक टिपांस जागा मिळाली नाही. म्हणजे पंडितांस सुइणींचे असत्य खुपले, आणि राजास त्यांचे धैर्य खुपले. दोघांपैकी राजास कथेचे मर्म अधिक कळले होते, असे आम्हांस कधी कधी वाटते.

काही टीकाकार निराळीच पळवाट काढतात. सुइणी मुद्दाम उशिरा जात असतील, म्हणून त्या बोलल्या ते खरेच असेल, असे त्यांचे म्हणणे. ही युक्ती आम्हांस रुचत नाही. कथेत आधीच सांगितले आहे की त्यांनी मुलांस जिवंत ठेवले. थोरांच्या आचरणातील अडचण पुसून टाकली म्हणजे तिचा उलगडा होतो असे नव्हे.

असत्याच्या विरुद्ध बाजूने सर्वांत कठोर युक्तिवाद केला तो जर्मन तत्त्वज्ञ कांट ह्याने. 1797 साली लिहिलेल्या एका लहानशा निबंधात त्याने प्रश्न घेतला की, तुमचा मित्र तुमच्या घरात लपला आहे आणि मारेकरी दारात येऊन तो आत आहे काय असे विचारीत आहे. अशा वेळी खोटे बोलावे काय? कांट म्हणतो, नाही. मनुष्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो ह्या एका गोष्टीवर सर्व करार व सर्व न्याय उभा आहे. तो पाया ज्याने खणला त्याने एकट्या मारेकऱ्याचा नव्हे, तर मानवजातीचा अपराध केला. शिवाय परिणाम तुमच्या हाती नाहीत. तुम्ही ‘नाही’ म्हणालात, आणि मित्र तेवढ्यात मागच्या दाराने निसटून मारेकऱ्याच्याच पुढ्यात सापडला, तर त्या मृत्यूचा दोष तुमच्याकडे येईल. ह्या युक्तिवादास हसणे सोपे आहे. परंतु अपवादाची फट एकदा ठेवली की तिच्यातून प्रत्येक मनुष्य आपापली सोय आत आणतो, ही त्यामागची भीती खरी आहे.

आमच्याकडे हाच प्रश्न कर्णपर्वात आला आहे, आणि त्याचे उत्तर नेमके उलट दिले आहे. कौशिक नावाचा ब्राह्मण नद्यांच्या संगमाजवळ राहत असे. सदैव सत्य बोलावयाचे असे त्याचे व्रत होते. दरोडेखोरांच्या भीतीने काही लोक तेथील वनात शिरून लपले. पाठोपाठ दरोडेखोर आले आणि सत्यवादी म्हणून ख्यात असलेल्या कौशिकास त्यांनी विचारले. त्याने खरे ते सांगितले. ते लोक मारले गेले, आणि कौशिक नरकात गेला. श्रीकृष्णाने ही कथा अर्जुनास सांगितली आहे, आणि वर नियमही दिला आहे: न बोलण्याने सुटका होत असेल तर बोलूच नये, परंतु बोलणे भागच पडले, किंवा न बोलण्यानेच संशय येणार असेल, तर तेथे असत्य बोलणे श्रेयस्कर. लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या कर्मजिज्ञासा प्रकरणात ह्या प्रश्नाचा सविस्तर ऊहापोह केला आहे, हे वाचकांस ठाऊक असेलच.

आता आमचा प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो, तेथे वसतिगृहातील मुलांनी दोन दिवस वर्गावर बहिष्कार घातला. तक्रार जेवणाची होती, आणि ती खोटी नव्हती. मुलांस चिथावणी कोणी दिली ह्याचा तपास सुरू झाला. ज्या चौकात मुले जमली होती तो आमच्या खोलीच्या खिडकीतून दिसतो, म्हणून आम्हांस बोलावून विचारण्यात आले. आम्ही पाहिले होते. आम्ही तीन नावे कागदावर लिहून दिली. खोटे बोलावयाचे नाही ह्या नियमाचे आम्ही जन्मभर पालन केले होते, आणि त्या दिवशीही ते केल्याचे समाधान घेऊन आम्ही घरी आलो. पुढे त्या तिघांची फीमाफी बंद झाली. दोघांनी कसेबसे शिक्षण पुरे केले. तिसऱ्याचे वडील एके दिवशी आमच्याकडे आले. आम्ही त्या मुलास वाचावयास दिलेली चार पुस्तके त्यांच्या पिशवीत होती. “सर, तुम्ही खरं तेच सांगितलंत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही,” ते म्हणाले. “पोराची पुस्तकं तेवढी परत करायला आलोय.” त्यांनी पुस्तके मेजावर ठेवली, पाणीही घेतले नाही, आणि ते गेले.

कौशिकाची कथा आम्ही वर्गात अनेकदा सांगितली होती. तो कौशिक मेजापलीकडे बसलेला असू शकतो, हे त्या दिवशी प्रथम ध्यानात आले.

मात्र स्वतःवर चिडून आम्ही लगेच असत्याचे वकील बनलो, असे होऊ नये म्हणून थोडा नीट विचार केला पाहिजे. आम्ही त्या दिवशी खोटे बोलावयास हवे होते काय? आमच्या मते, नाही. आम्हांस तिसरा मार्ग मोकळा होता. ‘मी पाहिले आहे, परंतु नावे सांगणार नाही,’ असे आम्ही म्हणू शकलो असतो. त्याबद्दल वरिष्ठांची नाराजी पदरी आली असती, कदाचित एखादी बढती लांबली असती. ह्यापेक्षा अधिक काही झाले नसते. म्हणजे आमची खरी उणीव धैर्याची होती, आणि ती आम्ही सत्यनिष्ठेच्या शालीखाली झाकली. सुइणींस हा तिसरा मार्ग नव्हता. ‘आम्ही आपली आज्ञा मानणार नाही,’ असे त्या दरबारात म्हणाल्या असत्या, तर त्या मारल्या गेल्या असत्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी आज्ञाधारक सुइणी नेमल्या गेल्या असत्या. त्यांच्या हुतात्म्याची किंमत त्यांनी एकट्यांनी दिली नसती. ती पुढच्या प्रत्येक बाळंतिणीने दिली असती. ज्या ठिकाणी मौन हेच उत्तर ठरते आणि नकार हाच दुसऱ्याचा मृत्यू ठरतो, तेथेच श्रीकृष्णाने सांगितलेला अपवाद सुरू होतो. त्याच्या अलीकडे नाही.

आणखीही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. सुइणींचे असत्य त्यांच्या नकाराच्या नंतर आले. आधी त्यांनी हातांनी नकार दिला, मग त्या हातांचे रक्षण जिभेने केले. आपण सुशिक्षित माणसे बहुधा हा क्रम उलटा करतो. हातांनी आज्ञा पाळतो, आणि मग त्या आज्ञापालनास नियम, कर्तव्य, निःपक्षपात अशी चांगली नावे देऊन स्वतःशी खोटे बोलतो. कांटला ज्या असत्याचे भय होते ते दुसऱ्याशी बोललेले असत्य होय. आम्हांस वाटते, मध्यमवर्गाचे खरे दुखणे हे दुसरे आहे.

तर मग उघड प्रतिकारास काही किंमतच नाही काय? तसे मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधील ल शाँबों ह्या डोंगराळ गावाने हजारो निर्वासितांस, विशेषतः यहुदी मुलांस, आश्रय दिला. तेथील पाद्री आंद्रे ट्रोक्मे ह्यांच्याकडे 1942 साली अधिकाऱ्यांनी यहुद्यांची नावे मागितली, तेव्हा त्यांनी तोंडावर नकार दिला. 1943 साली त्यांस छावणीत डांबले, आणि सरकारच्या आज्ञा पाळीन असे लिहून दिल्यास सोडण्याचे कबूल केले. त्यांनी सही केली नाही. परंतु त्याच गावात त्याच काळी खोटी ओळखपत्रेही तयार होत होती, आणि ती ज्यांच्या खिशात होती ती मुले त्यांमुळे वाचली. एका गावात उघड नकार आणि गुप्त असत्य शेजारी शेजारी राहत होते. ज्याच्या नकाराची किंमत त्याचीच होती त्याने नकार दिला. ज्याच्या नकाराची किंमत एखाद्या मुलाने दिली असती त्याने कागद खोटा केला.

सुइणींच्या धैर्याने जुलूम थांबला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गुप्त डाव फसल्यावर फारोने आपल्या सर्व प्रजेस उघड हुकूम सोडला की, इब्र्यांचा प्रत्येक मुलगा नील नदीत फेकून द्यावा. परंतु मुलींस जगू द्यावे, हे त्याने ह्याही वेळी कायम ठेवले. बायकांपासून आपणांस काय भय, असे त्यास वाटले असावे. पुढे एका आईने तीन महिने मूल लपवले, मग डांबर लावलेल्या पेटाऱ्यात घालून ते नदीकाठच्या लव्हाळ्यांत ठेवले. बहीण पाळत ठेवून उभी राहिली. आणि ज्या हातांनी त्यास पाण्यातून उचलले ते खुद्द फारोच्या मुलीचे होते. त्या राजाचा बेत ज्यांनी ज्यांनी मोडला त्या सर्व बायका होत्या.

ह्या सुटकेचे स्मरण यहुदी लोक वल्हांडणाच्या सणात दरवर्षी करतात. आपल्या कोकणातील बेने इस्राएल मंडळीही ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. त्या रात्री वाचावयाची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह 1846 साली मुंबईस छापली गेली, आणि 1874 साली पुण्यास तिची सचित्र आवृत्ती निघाली. त्या पोथीत नदीत फेकलेल्या मुलांचा उल्लेख येतो. शिफ्रा व पुवा ह्यांची नावे येत नाहीत. ज्यांच्यामुळे मुक्त होण्यास माणसे शिल्लक राहिली, त्यांचा विसर पडावा, ह्यात नवल नाही. जे वाईट घडलेच नाही त्याचे श्रेय कोणास द्यावे हे मनुष्यास सहसा सुचत नाही. त्यांचे स्मारक त्या सात वचनांत आहे, तेवढे पुरे.

ह्या कथेचे तात्पर्य एका वाक्यात सांगावे असे आमच्या विद्यार्थ्यांनी आम्हांस विचारले, तर आम्ही आता ते सांगत नाही. एवढेच म्हणतो की, कोणी तुम्हांस नाव विचारले तर खरे काय आहे हे आठवण्यापूर्वी विचारणारा कोण आहे आणि नाव कशासाठी हवे आहे, हे पाहावे. आणि नकार देणे शक्य असेल तर तो अवश्य द्यावा. ती चार पुस्तके अद्याप आमच्या कपाटात एकत्र आहेत. त्या तीन मुलांची नावे आम्हांस पाठ आहेत. ज्याने ती मागितली त्या अधिकाऱ्याचे नाव मात्र, कितीही प्रयत्न केला तरी, आता आठवत नाही.